लायब्ररी ऑफ काँग्रेसचा फोटोसंग्रह: कामावरची जुनी डिझेल इंजिनं पाहायची तर इथं

मी एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणातली, रेल्वेची मॉडेल बनवते. त्यातही १९३५ ते १९४५ या काळातली अमेरिकन डिझेल इंजिनं एवढंच माझं क्षेत्र. या कामात माझा निम्मा वेळ फोटो बघण्यात जातो आणि फोटोंसाठी मी सगळ्यात जास्त जिथं जाते, ती जागा म्हणजे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ऑनलाइन संग्रह. खातं उघडावं लागत नाही, पैसे पडत नाहीत, आणि मोठ्यात मोठी फाइल थेट उतरवून घेता येते. एवढं असूनही बरेच मॉडेलवाले तिथं एकदा जातात, शोधाच्या चौकटीत ‘डिझेल’ टाकतात, शेतातले ट्रॅक्टर आणि पाणबुड्या बघून परत येतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अख्ख्या लायब्ररीबद्दल मी बोलत नाहीये. आपल्या कामाचा भाग एकच, फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आणि ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन या दोन सरकारी खात्यांचा. पहिलं गरीब शेतकऱ्यांना मदत करणारं, दुसरं युद्धकाळात लोकांना माहिती पुरवणारं. रॉय स्ट्रायकर या माणसाच्या हाताखाली फोटोग्राफरांची एक तुकडी होती. मंदीच्या काळात ती खेड्यापाड्यांत फिरली, आणि १९४२ मध्ये ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशनकडे वर्ग झाल्यावर कारखाने, गोद्या, रेल्वे असे विषय तिच्याकडे आले. कृष्णधवल निगेटिव्ह पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. रंगीत फोटो सोळाशेच्या आसपास. रेल्वेचं काम मुख्यतः जॅक डेलानो यांचं. १९१४ मध्ये युक्रेनमध्ये जन्मलेले, १९२३ मध्ये आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले. १९४२-४३ चा हिवाळा त्यांनी शिकागोच्या यार्डांमध्ये काढला आणि मार्च १९४३ मध्ये सांता फे रेल्वेच्या मालगाड्यांबरोबर शिकागोपासून कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास केला.

हा मार्च १९४३ फार मोक्याचा आहे. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाचं एफटी हे मालगाडीचं डिझेल इंजिन त्या वेळी नवंकोरं होतं. १९३९ च्या अखेरीस त्याचा चार युनिटांचा, म्हणजे एकमेकांना जोडून चालणाऱ्या चार भागांचा नमुना, क्रमांक १०३, देशभर फिरवायला बाहेर पडला. अकरा महिन्यांत वीस रेल्वे कंपन्यांच्या रुळांवर तो ८३,७६४ मैल धावला. सांता फेनं सगळ्यात आधी मागणी नोंदवली, आणि त्याचं कारण पाणी. अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात वाफेच्या इंजिनांना पाजायचं पाणी टाकीच्या वाघिणींतून वाहून न्यावं लागे. ज्या इंजिनाला पाणी जवळजवळ लागतच नाही, ते तिथं सोन्याच्या मोलाचं. युद्ध सुरू झाल्यावर कोणी किती इंजिनं बनवायची आणि ती कोणाला द्यायची हे सरकार ठरवू लागलं, आणि सांता फेच्या वाट्याला एफटी मोठ्या संख्येनं आली. अ‍ॅरिझोनातलं विन्स्लो ते कॅलिफोर्नियातलं बारस्टो या कोरड्या पट्ट्यावर कंपनीनं ती जुंपली. डेलानो त्याच वेळी तिथून गेले.

आता माझ्या कामाच्या मुद्द्यावर येते. त्या काळच्या डिझेलचे फोटो इतरत्र मिळत नाहीत असं नाही. कारखान्यानं काढलेले फोटो भरपूर आहेत. इलेक्ट्रो-मोटिव्हच्या ला ग्रेंजच्या कारखान्याबाहेर इंजिन उभं, नाक थोडं आपल्याकडे वळलेलं, रंग आरशासारखा, मागची पार्श्वभूमी हातानं पुसून पांढरी केलेली. हौशी फोटोग्राफरही बहुधा त्याच कोनातून, ऊन पाठीशी घेऊन फोटो काढत. खिडक्या, चाकं, क्रमांक सगळं नीट दिसतं. पण त्या फोटोंवरून केलेलं मॉडेल दुकानाच्या काचेतल्या इंजिनासारखं दिसतं. डिझेल कुठून भरतात, त्या जागेखाली तेलाचे ओघळ कसे उतरतात, दाराच्या मुठीजवळ रंग किती झिजतो, इंजिनाशेजारी उभा माणूस कुठपर्यंत येतो, हे त्यात सापडत नाही. डेलानोंना इंजिनापेक्षा माणसांच्या कामात जास्त रस होता. त्यामुळे त्यांच्या फोटोंत इंजिनाभोवती नेहमी काहीतरी चाललेलं असतं, आणि मला हवं असतं ते नेमकं हेच.

एक फोटो तर मी पुन्हा पुन्हा उघडते. कॅन्सस सिटीजवळच्या अर्जेंटाइन यार्डातलं राउंडहाउस, म्हणजे इंजिनं ठेवायची आणि त्यांची निगा राखायची गोलाकार शेड, मार्च १९४३, रंगीत. सांता फेचं मालगाडीचं डिझेल धुतलं जातंय. मालगाडीच्या एफटींना सांता फेनं गडद निळा आणि पिवळा रंग दिला होता. हा निळा कारखान्याच्या फोटोत सपाट दिसतो, पण इथं राउंडहाउसच्या अपुऱ्या उजेडात ओल्या पत्र्यावर तो जवळजवळ काळा होतो आणि उजेड पडेल तिथंच निळा वाटतो. पिवळा मात्र अंधारातही उठून दिसतो. मॉडेलवर हा परिणाम साधायचा तर निळ्याच्या पहिल्या हातात काळा मिसळावा लागतो, आणि तो किती मिसळायचा याचा अंदाज मला या एका फोटोनं दिला. राउंडहाउस मुळात वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेलं, धुरानं काळवंडलेलं. त्यात हे झुळझुळीत अंगाचं नवं यंत्र. दोन्ही काळ एका चौकटीत आलेत आणि फोटोग्राफरनं त्यासाठी वेगळं काही मांडलेलं नाही.

याच फोटोशेजारी ठेवून पाहावा असा दुसरा फोटो आहे. एप्रिल १९४३, आयोवातलं क्लिंटन, शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नचं राउंडहाउस. तिथं एक कामगार बाई वाफेच्या भल्यामोठ्या इंजिनाला गरम वाफेचा फवारा मारून धुतेय. पुरुष सैन्यात गेल्यामुळे राउंडहाउसची कामं तेव्हा बायकांकडे आली होती. या इंजिनाच्या अंगावर सांधे, नळ्या, रिव्हेट, ग्रीस. ते धुवायला वाफेचा जोरच हवा. अर्जेंटाइनच्या डिझेलला ते लागत नाही. इंजिनं बदलल्यावर राउंडहाउसातलं काम कसं बदललं, हे या दोन फोटोंवरून जितकं कळतं तितकं मला कुठल्याच तक्त्यावरून कळलं नव्हतं.

तिसरा फोटो अल्बुकर्कच्या स्टेशनातला, ‘सुपर चीफ’चा. शिकागो ते लॉस एंजलिस पावणेचाळीस तासांत नेणारी सांता फेची मानाची गाडी. १९३६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिला पेटीसारखी चौकोनी डिझेल इंजिनं होती, आणि १९३७ मध्ये लाल नाकाची, चंदेरी अंगाची नवी इंजिनं आली. तो रंग जनरल मोटर्सच्या लेलंड निकरबॉकर यांनी आखलेला. फोटोखालची मूळ ओळ सांगते की गाडीची देखभाल चालू आहे आणि अशा डिझेल गाड्यांना त्यासाठी पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं! वाफेच्या इंजिनाचं पाणी, कोळसा किंवा तेल, राख आणि वंगण एवढं सगळं ज्यांनी वाचलंय, त्यांना या आकड्याची किंमत कळेल. न्यू मेक्सिकोचं ऊन चंदेरी पत्र्यावर कसं पडतं हे बघायलाही हा फोटो मोठ्या आकारातच उघडा. लहान आकारात तो पोस्टकार्डासारखा गोड दिसतो आणि धूळ, डाग सगळं हरवतं.

शिकागोचा भाग मी भरभर सांगते, कारण तिथं वाफेचंच राज्य आहे. पण इलिनॉय सेंट्रलच्या साउथ वॉटर स्ट्रीट मालधक्क्याचे फोटो चुकवू नका. तिथं डिझेलचं शंटिंग इंजिन वाघिणी हलवताना सापडतं. शहराच्या मधोमध धुराचा त्रास नको म्हणून डिझेल आधी अशाच यार्डांमध्ये शिरलं. न्यूयॉर्कमध्येही तसंच. १९२३ च्या कायद्यानं शहरात वाफेच्या इंजिनांवर बंदी आणायचं ठरलं, आणि १९२५ मध्ये सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीनं ३०० अश्वशक्तीचं क्रमांक १००० हे डिझेल ब्रॉन्क्सच्या धक्क्यावर कामाला लावलं. ते १९५७ पर्यंत तिथं राबलं.

आता शोधण्याबद्दल. इथंच लोक कंटाळून सोडून देतात, आणि त्यांना मी दोष देत नाही, कारण शोधयंत्रणा खरोखर जुन्या वळणाची आहे. ती फोटोत काय दिसतं ते बघत नाही. फोटोखाली त्या काळी टंकलिखित केलेली ओळ आणि त्याला जोडलेले विषय, एवढंच बघते. ‘डिझेल’ हा शब्द त्या ओळीत नसेल तर समोर अख्खं एफटी उभं असलं तरी ते तुम्हाला मिळणार नाही. शिवाय रंगीत फोटोंमध्ये कंपनीचं नाव बहुधा ‘सांता फे आर. आर.’ असं थोडक्यात आहे आणि कृष्णधवलमध्ये ‘अ‍ॅचिसन, टोपेका अँड सांता फे रेलरोड’ असं लांबलचक. कृष्णधवलच्या ओळी गावाच्या नावानं सुरू होतात: ‘अर्जेंटाइन, कॅन्सस’, ‘विन्स्लो, अ‍ॅरिझोना’, ‘नीडल्स, कॅलिफोर्निया’. म्हणून मी इंजिनाचं नाव टाकतच नाही. गावाचं नाव आणि डेलानोंचं आडनाव टाकते. अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांतच टाकावं लागतं.

एकदा एक कामाचा फोटो हाती लागला की खरी मजा सुरू होते. प्रत्येक फोटोच्या पानावर त्याचा निगेटिव्ह क्रमांक असतो. मोठ्या रंगीत फोटोंचा एलसी-यूएसडब्ल्यू३६ नं सुरू होतो, कृष्णधवलचा एलसी-यूएसडब्ल्यू३ नं. तिथंच शेजारच्या क्रमांकांचे फोटो बघायची सोय आहे. ती वापरा. एकाच जागी, एकाच दुपारी काढलेले फोटो बहुतेक वेळा जवळजवळच्या क्रमांकांवर असतात, आणि त्यातले कित्येक ‘शीर्षक नाही, बहुधा अमुक फोटोशी संबंधित’ एवढ्याच नोंदीवर पडून आहेत. ही ती निगेटिव्ह, जी त्या वेळी छापायला निवडलीच गेली नाहीत. फोटोग्राफरच्या दृष्टीनं हुकलेली, कोणी मधे आलेलं, इंजिन अर्धंच चौकटीत मावलेलं. मला मात्र तेच हवं असतं. अर्ध्या इंजिनाच्या फोटोत बोगीची, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्याची स्प्रिंग, ब्रेकचा सिलिंडर, वाळूची नळी इतक्या जवळून दिसते की मोजपट्टी लावावी. एफटीच्या चार चाकी बोगीची रचना मार्टिन ब्लॉमबर्ग यांची, आणि पुढं ती कित्येक डिझेलांच्या पोटाखाली गेली. तिचे सांधे समजून घ्यायला ही नाकारलेली निगेटिव्ह फार कामाची.

फोटोंखालच्या ओळींवर डोळे मिटून विसंबू नका. अर्जेंटाइनच्या फोटोखाली ‘चोपन्नशे अश्वशक्ती’ लिहिलंय. ती ताकद चार युनिटांच्या अख्ख्या जोडणीची आहे. एका युनिटात १६ सिलिंडरचं एकच डिझेल यंत्र आणि १,३५० अश्वशक्ती. सांता फे चारही युनिटांना मिळून एकच क्रमांक देई आणि पुढच्या युनिटाला एल, मागच्यांना ए, बी, सी अशी अक्षरं जोडी. त्यामुळे तेव्हाच्या लोकांच्या लेखी ते एकच इंजिन होतं आणि ओळ लिहिणाऱ्याचं चुकलेलं नाही. पण त्यावरून कोणी एका युनिटाला ५,४०० चा आकडा लावला तर सगळा हिशोब बिघडेल. याहून जास्त गोंधळ १९३४ च्या गाड्यांबाबत दिसतो. युनियन पॅसिफिकची एम-१०००० ही झोकदार, म्हणजे वारा कापायला गुळगुळीत अंगाची (स्ट्रीमलाइन्ड) गाडी इंटरनेटवर सर्रास ‘पहिली डिझेल’ म्हणून फिरते. तिचं इंजिन ठिणगीवर चालणारं होतं, डिझेल नव्हतंच. अमेरिकेतली डिझेलची पहिली झोकदार गाडी म्हणजे बर्लिंग्टनची झेफर. बड कंपनीच्या स्टेनलेस स्टीलची, ६०० अश्वशक्तीच्या विंटन यंत्राची. २६ मे १९३४ ला ती डेन्व्हरहून शिकागोला १,०१५ मैल १३ तास ५ मिनिटांत गेली.

ओळींच्या दुरुस्तीबाबत लायब्ररीचं मनापासून कौतुक करते. लायब्ररीवाले मूळ ओळ पुसत नाहीत, ती ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून तशीच ठेवतात, आणि नवी माहिती स्वतंत्र टिपेत जोडतात. २००८ मध्ये लायब्ररीनं हे रंगीत फोटो फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळाच्या कॉमन्स उपक्रमात टाकले. तिथं रेल्वेच्या जाणकारांनी जागा, इंजिनाचा प्रकार, मागची इमारत असं काय काय ओळखून लिहिलं, आणि त्यातलं पडताळून पाहिलेलं पुष्कळसं मूळ नोंदींमध्ये गेलं, कुठून आलं त्याच्या उल्लेखासकट. एखाद्या फोटोबद्दल शंका असेल तर दोन्हीकडे बघा.

फाइलींबद्दल माझं मत ठाम आहे: उतरवायची तर टिफच उतरवा. जेपेग बघण्यापुरतं ठीक. मोठे रंगीत फोटो चार बाय पाच इंचांच्या कोडॅक्रोम फिल्मवर काढलेले आहेत, आणि त्या फिल्ममध्ये जेवढं आहे ते टिफमध्येच पुरतं उतरतं. कोडॅक्रोमची गती, म्हणजे प्रकाश टिपायची ताकद, आजच्या मानानं अगदी कमी, एएसए दहाच्या आसपास. त्यामुळे राउंडहाउसमध्ये शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागे किंवा जादा प्रकाश लागे, आणि हलणारी माणसं कधी कधी पुसट येतात. पण फिल्मचे कण इतके बारीक की रिव्हेट मोजता येतात. शिवाय अंधारात नीट ठेवलेल्या कोडॅक्रोमचे रंग फार कमी उडतात. म्हणून ऐंशी वर्षांपूर्वीचा हा लाल रंग अजून लाल आहे.

तरीही स्क्रीनवरचा रंग थेट रंगाच्या बाटलीशी जुळवू नका. कोडॅक्रोम सावलीतला निळा अधिक गडद करतं, आणि स्कॅनिंगमध्ये आणखी फरक पडतो. मी या फोटोंवरून मूळ रंग ठरवत नाही. स्वच्छ भाग आणि मळका भाग यांच्यात किती फरक आहे, छपरापासून खाली धुरकटपणा कसा पातळ होत जातो, बोगीवरची धूळ अंगाच्या धुळीपेक्षा किती फिकी, असल्या नात्यांसाठी वापरते. त्याबाबत त्यांनी मला कधी दगा दिलेला नाही.

उणिवाही सांगते. छत जवळपास दिसतच नाही. सांता फेनं एफटीवर डायनॅमिक ब्रेक घेतले होते. उतारावर चाकांच्या मोटरींचेच जनित्र होतात आणि निघणारी उष्णता छतावरच्या जाळ्यांमधून बाहेर जाते. मॉडेलवाल्याला या जाळ्या हव्यात, आणि जमिनीवरून काढलेल्या फोटोत त्या येत नाहीत. चालकाच्या केबिनच्या आतलंही फार थोडं आहे. आणि संग्रहाचा काळच असा की १९२५ ते १९३५ मधली डिझेलं इथं शोधू नयेत. त्यांच्यासाठी संग्रहालयं गाठावीत: न्यू जर्सी सेंट्रलचं क्रमांक १००० बाल्टिमोरच्या बी अँड ओ संग्रहालयात आहे, झेफर शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात, एफटी १०३ सेंट लुइसजवळच्या वाहतूक संग्रहालयात. प्रत्यक्ष लोखंडाला फोटोंची सर नाही, मात्र संग्रहालयातली इंजिनंही रंगवून चकचकीत केलेली असतात, हे ध्यानात ठेवा.

हक्कांचा प्रश्न इथं सुटसुटीत आहे. फोटो सरकारी नोकरीत काढलेले, त्यामुळे वापरावर कुठलं ज्ञात बंधन नसल्याचं लायब्ररी प्रत्येक पानावर सांगते. मी मॉडेलसोबत संदर्भफोटो छापून देते, त्याखाली फोटोग्राफरचं नाव आणि निगेटिव्ह क्रमांक घालते. सक्ती नाही, पण पुढच्या माणसाला मूळ फोटो गाठता यावा.

लायब्ररीनंतर दुसरं कुठं जायचं असेल तर डेन्व्हर पब्लिक लायब्ररीत, ऑटो पेरी यांच्या संग्रहाकडे. पेरी डेन्व्हरचे पोस्टमन. सुटीच्या दिवशी रुळांच्या कडेला उभे राहून त्यांनी आयुष्यभर गाड्यांचे फोटो काढले, आणि निगेटिव्ह १९७० मध्ये लायब्ररीला गेली. त्यांचा पिंड डेलानोंच्या अगदी उलटा. माणसं नाहीत, काम नाही, धावती गाडी एवढीच. पण नोंद बघा: कंपनी, इंजिनाचा क्रमांक, गाडीचं नाव, डबे किती, जागा, तारीख, आणि फोटो काढताना गाडीचा अंदाजे वेग. एखादी गाडी १९३८ मध्ये किती डब्यांची धावायची हे मला मॉडेलसाठी ठरवायचं असतं तेव्हा मी आधी पेरींच्या नोंदी चाळते, आणि डब्यांची संख्या पक्की झाल्यावर मळ कुठं किती लावायचा ते पाहायला डेलानोंचे टिफ उघडते.